बेडसोरला मराठीत 'शय्याव्रण' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रेकॉर्डमधे नर्सिंगच्या नोंदींसाठी मराठी शब्द ठरवायचे झाले तर बेडसोरला (एकाच जागी सतत दाब पडून कातडीला होते ती इजा) 'शय्याव्रण' चालेल का.

माझं मत, नको. पुस्तकी आहे म्हणून नाही, खरी अडचण 'व्रण' या शब्दाची आहे. संस्कृतात व्रण म्हणजे जखम, पण आपण बोलताना "लहानपणी पडलो होतो त्याचा व्रण अजून आहे" म्हणतो, म्हणजे जखम बरी झाल्यावर उरलेली खूण! आता अल्सर (उघडी जखम) आणि स्कार (बरी झाल्यावरची खूण) दोन्हीला व्रण लिहिलं तर एका सिस्टरने लिहिलेलं दुसऱ्या ड्युटीवरच्या सिस्टरला उलटं कळायचं. आणि 'शय्या' तरी कुठे बरोबर? व्हीलचेअरवर बसून बसून पण हे होतं, ऑक्सिजन मास्कच्या पट्टीने नाकावर, कानामागे होतं.

इंग्रजीत पण हा घोळ झालाच होता. पहिल्या स्टेजला कातडी फुटलेली नसते, नुसती लाल होते आणि दाबलं तरी तो लालपणा जात नाही, मग त्याला अल्सर कसं म्हणणार, म्हणून अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने २०१६ मधे 'प्रेशर अल्सर' सोडून 'प्रेशर इंजरी' घेतलं. आपल्याकडे मुका मार असतोच ना, रक्त नाही पण इजा आहे. तसंच हे. म्हणून मी 'दाबामुळे इजा' लिहीन. लांब आहे, पण चुकीचा अर्थ तरी निघत नाही.

बाकी एकच शब्द सगळ्यांवर लादायची गरजच नाहीये. स्नोमेड सीटी नावाची जी आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंहिता आहे (भारत २०१४ पासून सदस्य आहे, इथलं काम पुण्याचं सीडॅक, म्हणजे सरकारी संगणक संस्था, बघतं) तिच्यात प्रत्येक संकल्पनेला एक नंबर असतो आणि त्या नंबराला कितीही नावं टांगता येतात. स्क्रीनवर दिसायला एक ठरवायचं, बाकीची शोधायला ठेवायची. नर्सिंगसाठी वेगळी आंतरराष्ट्रीय यादी होती, आयसीएनपी, तीही आता स्नोमेडमधेच येते.

तर शय्याव्रण राहू दे त्या नावांत, बेडसोर तर हवंच, आणि नातेवाईक जे म्हणतात ते पण टाका, "सिस्टर, बाबांची पाठ सोलवटलीय".