जंगलात जायच्या आधी गोठ्यातलं बघ

तुझा मेसेज वाचला गं. व्हेटर्नरीची डिग्री हातात आली की वाघ-बिबट्यांवर काम करायचंय, खेड्यातल्या दवाखान्यात गाईम्हशींना इंजेक्शनं देत बसायचं नाहीये, असं लिहिलंयस. जा की, कोण अडवतंय. फक्त त्याआधी गिधाडांचं काय झालं ते नीट समजून घे, कारण ती गोठ्यातल्या इंजेक्शनने संपली.

1992 ते 2007 मध्ये भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के कमी झाली, म्हणजे हजारात एक उरलं. शिकार नाही, जंगलतोड नाही, सुरुवातीला तर बरेच जण कसलातरी व्हायरस असेल म्हणून शोधत बसले. मग पाकिस्तानात लिंडसे ओक्स या संशोधकाच्या टीमला उत्तर सापडलं, 2004 ला पेपर आला, आणि निघालं काय तर डायक्लोफिनॅक, आपण पाठ दुखली की घेतो तेच. बैल लंगडला, गाईला ताप आला, कास सुजली की टोचायचं, स्वस्त होतं आणि गुणही पटकन यायचा, त्यात शेतकऱ्याचं काय चुकलं सांग. पण जनावर तरीही दगावलं आणि गिधाडांनी फाडलं की त्यांच्या किडन्या फेल, पोस्टमॉर्टेमला आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर.

बरं, प्रत्येक मढ्यात औषध असायचीही गरज नव्हती. शंभरात एकापेक्षा कमी मढ्यांत असलं तरी एवढा कहर व्हायला पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर डझनांनी गिधाडं उतरतात, आणि गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच. एवढ्या मरतुकीची भरपाई होणार कुठून?

2006 ला जनावरांसाठी बंदी आली. लोकांनी काय केलं, माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचायला लागले, मग 2015 ला ती बाटली 3 मिलीची करावी लागली. ॲसिक्लोफिनॅक नावाच्या दुसऱ्या वेदनाशामकाचं गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफिनॅकच होतं, तरी ते आणि गिधाडांना असंच घातक किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडलं! मला याचाच जास्त राग येतो.

म्हणून तुला सांगतोय, प्राणी वाचवायची पॉवर जंगलात वाघाला रेडिओ कॉलर लावणाऱ्यापेक्षा प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याकडे जास्त आहे. वेदनाशामक म्हणून गिधाडांना न बाधणारं मेलॉक्झिकॅम लिही, टोल्फेनॅमिक ॲसिडही चालतं. मेडिकलवाला "मॅडम, सेमच आहे" म्हणून दुसरं काही पुढे करेल, तेव्हा ब्रँडचं नाव सोड, खालचा बारीक अक्षरातला कंटेंट वाच. जनावर दगावलं तर शेवटच्या आठवड्यात काय काय टोचलं ते मालकाला विचार (गावातला बिनडिग्रीचा डॉक्टर येऊन गेलेला असतो, ते आपणहून सांगत नाहीत), आणि शंका असेल तर पुरायला लाव, माळावर टाकू देऊ नको.

सुट्टीत रायगडकडे आलीस तर म्हसळ्याजवळ चिरगावला जाऊ, तिथे गिधाडं अजून घरटी करतात. आधी फोन कर पण, पिल्लांच्या सीझनमध्ये झाडाखाली गर्दी नको, तुझी ती रीलवाली गँग तर अजिबातच आणू नको.