गेमदादाला विचारा : रॉकेटचा नळ आणि दारात टँकर

या महिन्यात पत्रं तीनच निवडलीयेत, कारण पहिलंच चार फुलस्केप पानांचं आलं. कापून छापतोय, लिहिणाऱ्याने रागावू नये.

प्रश्न : दादा, वय ३६, घराचा हप्ता चालू, केस पांढरे व्हायला लागलेत. २००४ च्या आसपास शाळा सुटली की सायबर कॅफेत जाऊन हेलो या गोळीबाराच्या गेमचा डेमो खेळायचो, त्यात ऑनलाइनला तो एकच मॅप, ब्लड गल्च, दोन टोकांना दोन बेस आणि मधे मोकळं रान. पुढे एक्सबॉक्स ३६० घेतला, हेलो ३ आणि रीचवर जीव ओवाळून टाकला. मग हेलो बनवणारी बंजी कंपनी गेली, मायक्रोसॉफ्टची ३४३ आली आणि प्रत्येक गेममध्ये काही ना काही नवीन खुपसत गेली. आता म्हणे स्टुडिओचं नाव बदललं, इंजिनही (ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा असतो ते) बदललं आणि पहिलाच गेम नव्याने करून परत विकणार, तोही प्लेस्टेशनवर! ही आमची फसवणूक चाललीये की मीच म्हातारा झालोय?
— ब्लड गल्चचा रहिवासी, डोंबिवली पूर्व

उत्तर : रहिवासीसाहेब, दोन्ही थोडं थोडं.

आधी एक सांगतो, ३४३ ने येऊन बंजीला बाहेर काढलं असं काही झालेलं नाही. बंजी आपल्या पायाने गेली. २००० साली मायक्रोसॉफ्टने त्यांना विकत घेतलं, त्याच्या आदल्याच वर्षी तर स्टीव्ह जॉब्सने हाच हेलो मॅकसाठी म्हणून स्टेजवरून दाखवला होता, आणि २००१ मध्ये तो एक्सबॉक्सचा गेम म्हणून आला. २००७ मध्ये बंजी वेगळी झाली पण हेलो हे नाव मायक्रोसॉफ्टकडेच राहिलं. जाता जाता ओडीएसटी आणि २०१० चा रीच हे हेलोचेच गेम करून दिले आणि मग हे लोक डेस्टिनी या स्वतःच्या नव्या गेमच्या मागे लागले. आणि गंमत बघा, २०२२ मध्ये बंजीला सोनीने घेतलं, म्हणजे हेलो ज्यांनी जन्माला घातला ते आज प्लेस्टेशनवाल्यांच्या घरात आणि आता हेलोही त्याच दारात चाललाय, माहेरी निघाल्यासारखा. त्यामुळे त्या प्लेस्टेशनच्या मुद्द्यावर मला काही राग येत नाही, येऊ द्या, चार माणसं जास्त खेळतील.

राग यायचाच तर २०१२ च्या हेलो ४ वर यावा. तो गेम वाईट होता असं नाही, मोहीम, म्हणजे कथेचा भाग, तर मला आवडली, नायक मास्टर चीफ आणि त्याची संगणकी सोबतीण कॉर्टाना यांचा शेवट बघून आमच्या घरात दोन मिनिटं कोणी बोललं नव्हतं. पण मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे आपापसात लढायच्या भागात, ३४३ ने जे केलं ना, ते चाळीत वाढलेल्या माणसाला पटकन कळेल म्हणून तसंच सांगतो. जुन्या हेलोत सगळे सारख्याच बंदुकीने सुरू करायचे. रॉकेट लॉन्चर, स्नायपर ही भारी हत्यारं मॅपवर ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळाने यायची. म्हणजे नळाला पाणी येतं तसं. सहाला पाणी येणार हे अख्ख्या मजल्याला माहीत, मग पावणेसहापासून हंडे लावून लोक उभे, कोण आधी, कोण कुणाचा हंडा सरकवतोय, कोण नुसताच मधे येऊन भांडतोय. अर्धा हेलो हा त्या नळावरचाच खेळ होता, घड्याळावर डोळा ठेवून. हेलो ४ ने काय केलं, प्रत्येकाला सुरुवातीलाच आपापल्या आवडीची बंदूक दिली आणि चार माणसं मारली की आकाशातून हत्यार थेट तुमच्या पुढ्यात. दारात टँकर! सोय झाली, पण नळावरची गर्दीच गेली, मग त्या जागेवर जायचं कशाला आणि कुणाशी भांडायचं कशाला.

दुसरी गोष्ट स्प्रिंट, म्हणजे बटण दाबून जोरात पळणं. यावर लोक इतकी वर्षं भांडतायत आणि बाहेरच्याला वाटतं की पळण्यात काय वाईट आहे, माणूस पळणारच की. तर समजा तुमची गाडी स्लो होती, ती फास्ट केली, पण स्टेशनं तेवढीच लांब लांब नेऊन ठेवली. दादरहून ठाण्याला वेळ तेवढाच लागणार, फक्त आता दांडा धरून उभं राहायचं, हात सोडता येत नाही. स्प्रिंटचं हेच झालं. पळणारा माणूस गोळी मारू शकत नाही, आणि सगळेच पळणार म्हणून मॅप मोठे करावे लागतात, मग मोठ्या मॅपमध्ये पळावंच लागतं. शिवाय मार खाणारा पळून जातो, शील्ड (अंगावरचं आपोआप भरणारं कवच) भरून परत येतो. जुना हेलो सावकाश होता असं म्हणतात पण चालता चालता बंदूक, ग्रेनेड आणि ठोसा तिन्ही कायम हाताशी होतं. पहिल्या हेलोचं पिस्तूल आठवतंय ना, बारा गोळ्या, आणि डोक्यात तीन बसल्या की समोरचा गेला. ज्याचा नेम पक्का त्याला कुठे पळायची गरजच नव्हती.

हे त्यांनी का केलं? कारण तेव्हा सगळं मार्केट कॉल ऑफ ड्यूटी या युद्धाच्या गेमने खाल्लं होतं आणि ज्याला त्याला तसंच काहीतरी हवं होतं. आणि खरं बोलायचं तर ही हवा बंजीलाही लागलीच होती, स्प्रिंट पहिल्यांदा आला तो रीचमध्ये, तुमच्या लाडक्या बंजीच्याच गेममध्ये, फक्त तिथे तो घ्यायचा की नाही ते आपल्या हातात होतं. हे आपण जुने लोक सोयीस्कर विसरतो, मी पण.

पुढचं फार उगाळत नाही. २०१५ च्या हेलो ५ ने सगळ्यांना सारखी सुरुवात परत दिली पण स्प्लिट स्क्रीनच, म्हणजे एकाच टीव्हीचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय, काढून टाकली, आणि १५ मिशनपैकी मास्टर चीफ म्हणून खेळायला मिळाल्या फक्त तीन, पोस्टरवर मात्र तोच. ही स्प्लिट स्क्रीनची गोष्ट माझ्या जास्त डोक्यात गेली. आमच्या लालबागच्या खोलीत २१ इंची टीव्हीवर मी कॉटवर बसून वरच्या अर्ध्यात खेळायचो आणि भाऊ लादीवर बसून खालच्या अर्ध्यात, आणि तो माझ्या अर्ध्यात बघून मी कुठे दबा धरून बसलोय ते ओळखायचा. म्हणून मी शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून टीव्हीच्या मधोमध फळीसारखा आडवा चिकटवला, कॉटवरून वरचं दिसेल, लादीवरून खालचं. एकदा तो काढायचा राहिला आणि संध्याकाळी आई कॉटवर बसून मालिका लावते तर नुसत्या टिकल्या आणि आंबाडे दिसतायत, माणसांना धडच नाही. तो पुठ्ठा त्याच दिवशी बंबात गेला. तर सांगायचं हे की ज्या गेममध्ये असा पुठ्ठा लावावा लागायचा त्यातूनच स्क्रीनचे दोन भाग काढून टाकणारा माणूस त्या खोलीत कधी बसलाच नसणार असं मला आजही वाटतं. २०२१ च्या इन्फिनिटमध्ये बंदुका, चाल, फेकायचा हुक सगळं मस्त जमलं, स्प्रिंट तर नावापुरताच, पण कथेच्या मोहिमेतली स्प्लिट स्क्रीन कबूल करून २०२२ मध्ये रद्दच केली.

आता तुमचा खरा प्रश्न, नाव आणि इंजिन. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३४३ चं हेलो स्टुडिओज झालं. नावाचं सोडा, पाटी रंगवायला काय लागतं. इंजिन मात्र महत्त्वाचं. त्यांचं स्वतःचं स्लिपस्पेस इंजिन, त्यातले काही भाग जवळजवळ २५ वर्षं जुने, बंजीच्या काळातले. आणि मायक्रोसॉफ्टमध्ये कंत्राटी माणसाला १८ महिने झाले की काही काळ बाहेर बसावं लागतं असा नियम. म्हणजे मुलगा येणार, सहा-आठ महिने ते जुनं इंजिन समजून घेण्यात घालवणार, कुठला स्क्रू कुठे सैल आहे ते जरा कळायला लागलं की निघाला, पुढच्याने परत श्रीगणेशा. मला विचाराल तर स्प्रिंटपेक्षा ह्याने जास्त नुकसान झालं असेल. आता घेतलेलं अनरिअल इंजिन ५ बाहेरही सगळीकडे वापरतात, ते निदान नवीन माणसाला आधीपासून येत असतं. भीती एवढीच की वॉरथॉग गाडीची ती उसळी, ग्रेनेड पडल्यावर हवेत गरगरणारं शव, हे त्या जुन्या खटाऱ्यातूनच आलं होतं, ते नव्यात हाताने परत घडवावं लागणार.

त्यामुळे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कॅम्पेन इव्हॉल्व्हडबद्दल, म्हणजे त्या नव्याने केलेल्या पहिल्या गेमबद्दल, माझं मत, जरा थांबा. त्यात पहिल्या हेलोची मोहीम आणि तिच्या आधीच्या कथेच्या तीन नव्या मिशन आहेत, आपापसात लढायचा मल्टिप्लेअर नाही, आणि हो, स्प्रिंट आहे. पण कन्सोलवर दोघांची स्प्लिट स्क्रीन पण आहे. मी घेणार. पुठ्ठा शोधून ठेवलाय.

प्रश्न : दादा मी दहावीत आहे, हेलो कधीच खेळलो नाही, पीसी आहे, कुठून सुरू करू? लहान भावाबरोबर एकाच पीसीवर खेळता येईल का? मित्र म्हणतो रीचपासून कर कारण गोष्ट तिथून सुरू होते.
— नवा स्पार्टन, कांजूरमार्ग

उत्तर : मित्राचं ऐकू नकोस. गोष्टीत रीच आधी आहे पण गेम म्हणून तो बंजीचा शेवटचा हेलो, तो खेळून पहिल्यावर गेलास तर पहिला तुला जुनाट वाटेल. मास्टर चीफ कलेक्शन घे, सहा गेम आहेत त्यात, सेलमध्ये बरंच खाली येतं, घाई करू नको. कॉम्बॅट इव्हॉल्व्हड, म्हणजे पहिल्या हेलोपासून क्रमाने जा. एक बटण दाबलं की जुनी-नवी ग्राफिक्स बदलतात, अंधाऱ्या जागी जुनी लावून बघ, जास्त भीती वाटते. भावाचं मात्र अवघड आहे, पीसीवर अधिकृत स्प्लिट स्क्रीन दिलेलीच नाही, एक्सबॉक्सवर आहे. दोन पीसी असतील तर ऑनलाइन को-ऑप, म्हणजे दोघांनी मिळून मोहीम खेळायची. आणि हे सगळं दहावीनंतर, मार्चच्या आधी मला परत पत्र पाठवलंस तर छापणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा वय १९, कुठल्या तरी गेमच्या कंपनीने गेम बिघडवला म्हणून जेवताना सुद्धा तावातावाने बोलतो, परवा तर पोळी अर्धी टाकून उठला. काळजी करण्यासारखं आहे का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ताई, जेवण दोन्ही वेळचं होतंय, कॉलेजला जातोय, मित्र आहेत, तर काळजी नको. तुमच्या घरात कुणी आवडत्या मालिकेत कलाकार बदलला म्हणून आठवडाभर बोटं मोडली असतीलच ना, हे तेच. एकदा त्याला विचारा, नक्की काय बदललं ते मला दाखव. तो तासभर बोलेल, निम्मं कळणार नाही, पण पोळी संपवेल. वरचं डोंबिवलीचं पत्र त्याला वाचायला द्या, स्प्रिंटच्या मुद्द्यावर त्याचं माझ्याशी पटलं नाही तर त्याने मला लिहावं, दोन पानांत.