कॉमेट अ‍ॅसेमध्ये कंट्रोलच्या पेशींनाही शेपट्या का येतात?

ऐरोलीच्या लॅबमध्ये रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर अल्कलाइन कॉमेट अ‍ॅसे (पेशी जेलमध्ये बसवून, अल्कलीत ठेवून, वीज लावून तुटलेला डीएनए शेपटीसारखा बाहेर ओढणारी चाचणी) करताय, कंट्रोललाही (मुद्दाम कसलीही इजा न केलेल्या पेशींनाही) लांब शेपट्या येतायत, म्हणून व्होल्टेज कमी करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. शेपट्या आखूड दिसतील, पण डीएनए जिथे तुटतोय तिथे तुटतच राहील.

आधी ती जागा शोधा. त्याच नमुन्यातलं 5 मायक्रोलिटर रक्त, पेशी वेगळ्या न करता, थेट 100 मायक्रोलिटर लो-मेल्टिंग अगारोजमध्ये (कमी तापमानाला वितळणारं जेल; 0.7 टक्के, 37 अंश) मिसळून एक स्लाईड करा, वेगळ्या केलेल्या पेशींची दुसरी. दोन्ही वीज लावायच्या एकाच टँकमध्ये चालवा. पहिली स्वच्छ आली आणि दुसरी खराब, तर दोष सेंट्रिफ्यूज-पिपेटिंगचा. दोन्ही खराब असतील तर पुढे बघा.

बहुतेकदा गडबड उष्णतेची असते. मायक्रोवेव्हमधून काढलेलं अगारोज 37 अंशांवर आलंय का, ते थर्मामीटरने बघा. हात लावून अंदाज नको. मे महिन्यात आपल्याकडे जेल बसायला वेळ लागतो, तेव्हा स्लाईड बर्फावरच्या स्टीलच्या ट्रेवर ठेवा. पावसाळ्याची कटकट वेगळी: 1 टक्का साध्या अगारोजचा पहिला थर पुरता वाळत नाही आणि जेल सुटून लायसिसच्या (पेशी फोडणाऱ्या द्रावणाच्या) जारमध्ये तरंगतं. ओव्हनमध्ये वाळवून सिलिका जेलच्या डब्यात ठेवलेल्या स्लाईडच वापरा. प्रकाशानेही डीएनएला इजा होऊ शकते, म्हणून ट्यूबलाइट बंद, पिवळा दिवा चालू.

लायसिसमध्ये ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) 1 टक्का आणि डीएमएसओ (रॅडिकल टिपणारं द्रावक) 10 टक्के ऐनवेळी घाला, मग 4 अंशांना गार करा. रक्त असताना डीएमएसओ वगळलंत तर हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे तयार होणारे रॅडिकल (अतिक्रियाशील रेणू) डीएनएला इजा करतात. नंतर स्लाईड अल्कलीच्या बफरमध्ये ठेवा: 300 मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि 1 मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारं रसायन), पीएच 13 च्या वर, थंडगार, 20 मिनिटं.

करंट 25 व्होल्टला 300 मिलिअँपिअर हवा. जास्त दिसला तर थोडा बफर काढा, व्होल्टेजच्या नॉबला हात लावू नका.

सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम इजा केलेल्या पेशी) हवाच: 100 मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड, बर्फावर 5 मिनिटं. मोजताना लांबी नको, शेपटीतल्या डीएनएची टक्केवारी घ्या. कडेच्या आणि बुडबुड्यांलगतच्या पेशी सोडा. डोकं जवळजवळ नाहीसं झालेल्या पेशी वेगळ्या मोजा. त्या दिसल्या की लगेच ‘अपॉप्टोसिस’ (पेशीचं ठरवून मरणं) लिहून मोकळे होऊ नका, नुसत्या मोठ्या इजेनेही तसं दिसतं.