कार्टूनवेड्यांच्या गप्पांत शिरायचं आहे, आधी काय काय बघून ठेवू?

काही बघून ठेवू नका. परीक्षा नाहीये ती.

तुम्ही लिहिलंय की टॉम अँड जेरी आणि स्कूबी-डू यापलीकडे तुम्ही फारसं पाहिलेलं नाही, त्यामुळे गप्पांत हसं होईल अशी धास्ती वाटते. आणि जाता जाता विचारलंय की 'थिएटरसाठी बनलेली जुनी कार्टून्स तेवढी दर्जेदार, टीव्हीसाठी बनलेली सगळी टुकार' असं जाणकार म्हणतात ते खरं का. पहिल्या प्रश्नाला याद्या देणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी. हे वाक्य माझ्या तोंडावर मारून झालेलं आहे.

आमचं एक कार्टूनवेड्यांचं टोळकं आहे. गप्पा नेहमीच्याच, कशातून काय निघेल याचा नेम नाही. त्या दिवशी कुणीतरी आपल्या मांजराचा फोटो टाकला, मांजरावरून टॉम निघाला, टॉमवरून विषय गेला 'ताप आला की तुम्ही काय लावून पडता' यावर. एकाने डोरेमॉन सांगितलं. एकीने तलवारबाजीचं सामुराई जॅक (तापात!). मी लिहिलं, योगी बेअर, टीव्हीवरचं ते बोलक्या अस्वलाचं कार्टून. आमच्यात एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात, का ते कुणालाच ठाऊक नाही. सरांचं लगेच आलं, "ते अ‍ॅनिमेशन नव्हे, हलतं पोस्टर आहे." पाठोपाठ बग्ज बनीच्या फिल्म करणारे दिग्दर्शक चक जोन्स यांनी टीव्हीवरच्या कार्टून्सना 'सचित्र रेडिओ' म्हटलं होतं, तेही चिकटवलं. आणि वर आव्हान: "आवाज बंद करून पाच मिनिटं बघून दाखव."

बघितलं. आवाज बंद केला की योगीचे ओठ हलतात, डोकं हलतं, पळताना मागून तेच झाड पुन्हा पुन्हा जातं आणि गोष्ट काही कळत नाही. टॉम अँड जेरी मात्र आवाजाशिवायही कळतं. सर खूश.

मग मी त्यांना उलटी परीक्षा दिली. म्हटलं, आता डोळे मिटा आणि फ्लिंटस्टोन्सचा, म्हणजे अश्मयुगातल्या कुटुंबाच्या त्या टीव्ही मालिकेचा, एक भाग नुसता ऐका. सगळं कळतं. त्यातला फ्रेड कधी खोटं बोलतोय, त्याच्या शेजारच्या बार्नीला ते कधी समजलंय आणि तरी तो कसा गप्प बसलाय, नुसत्या आवाजावरून. बार्नीचा आवाज मेल ब्लँक यांचा, म्हणजे बग्ज बनीचाच माणूस. 1961 च्या जानेवारीत त्यांना जीवघेणा मोटार अपघात झाला, पुढे अंगभर प्लॅस्टर असताना त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या बार्नीचे संवाद ध्वनिमुद्रित केले. मधल्या काही भागांत डॉज बटलर यांनी बार्नी निभावून नेला. हेच बटलर योगीचा आवाज, हकलबेरी हाउंड या कुत्र्याचाही. एका गळ्यातून इतकी जनावरं काढणाऱ्या माणसाच्या कामाला 'टुकार' म्हणायचं? रेडिओ म्हणा की खुशाल. रेडिओ ही शिवी कधीपासून झाली?

सर म्हणाले, ही पळवाट आहे, चित्रकलेबद्दल बोल.

ठीक, चित्रकलेबद्दल. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. भरपूर हालचालीचं जुनं काम बरंचसं 'ऑन टूज' चालायचं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकणार, सेकंदाला 12 चित्रं. सात मिनिटांच्या फिल्मला नुसत्या एका पात्राची म्हटली तरी पाच हजारांवर जातात. टीव्हीला हे परवडणारं नव्हतं. दर आठवड्याला नवा भाग हवा आणि पैसे पूर्वीच्या तुलनेत अगदीच चिमूटभर. म्हणून पात्राचे तुकडे पाडले. धड एका सेलवर (म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकच्या पानावर), डोकं दुसऱ्या, तोंड तिसऱ्या. धड तसंच ठेवायचं, हलेल तेवढंच नव्याने काढायचं. आता योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे सांगा बघू. उघड्या अंगाच्या अस्वलाला कॉलर कशाला? डोकं आणि धड जिथे जुळतात ती रेघ झाकायला. योगीचा लहानगा सोबती बू-बू, त्याच्या गळ्यातला बो सुद्धा त्याच कामाचा. अडचणीतून निघालेली युक्ती आज त्या पात्राची ओळख होऊन बसली आहे. तो टाय काढून योगी डोळ्यांपुढे आणून बघा, येत नाही.

हे मी सगळं लिहिलं. त्यावर सरांचं उत्तर आलं, "जुगाड आहे हा, कला नव्हे. कला टॉम अँड जेरीत आहे."

आता इथे माझा तोल गेला, आणि जाणारच होता. अहो, टॉम अँड जेरी बनवलं कुणी? विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी. योगी बेअर कुणाचं? हॅना आणि बार्बेरा यांचंच! तीच दोन माणसं. 1940 ते 1958 दरम्यान या जोडीच्या दिग्दर्शनाखाली टॉम अँड जेरीच्या 114 फिल्म झाल्या, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं (घ्यायला मंचावर निर्माते फ्रेड क्विंबी जायचे, तो वेगळाच संताप). टॉम कळवळून ओरडतो तो प्रसिद्ध आवाजही खुद्द हॅना यांचा. असली माणसं एका रात्रीत आळशी झाली काय?

झालं होतं असं की 1957 मध्ये एमजीएमने, म्हणजे ही जोडी जिथे नोकरीला होती त्या सिनेमा कंपनीने, आपला कार्टून विभागच बंद केला. टीव्हीमुळे थिएटरांचा धंदा बसत चालला होता हे खरं, पण हिशेबनिसांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: जुन्याच फिल्म पुन्हा लावल्या तरी जवळजवळ नव्याइतकेच पैसे सुटतात. मग नव्या काढायच्या कशाला? लोक जुनंच पुन्हा पुन्हा आवडीने बघत होते म्हणून ज्यांनी ते जुनं घडवलं त्यांचीच नोकरी गेली. 'जुनं तेच खरं' म्हणणाऱ्यांनी हे जरा चघळावं. त्याच वर्षी दोघांनी स्वतःची कंपनी काढली, डिसेंबरात 'रफ अँड रेडी' टीव्हीवर आलं, 1958 ला हकलबेरी हाउंड आणि त्याच कार्यक्रमात योगी. 1960 मध्ये हकलबेरी हाउंडला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, अ‍ॅनिमेशनच्या कार्यक्रमाला मिळालेला तो पहिलाच. त्याच वर्षी फ्लिंटस्टोन्स सुरू झालं, रात्रीच्या मुख्य वेळेत, मोठ्या माणसांसाठी.

"पोटासाठी केलं त्यांनी," सर म्हणाले. हो, पोटासाठी! थिएटरसाठी काय धर्मादाय करत होते?

बरं, कमी चित्रांत काम भागवणं ही टीव्हीची गरिबी, असंच धरून चाललो तरी गणित जुळत नाही. 1941 मध्ये डिस्नेकडे मोठा संप झाला. तिथून बाहेर पडलेल्या काही चित्रकारांनी पुढे यूपीए नावाचा स्टुडिओ उभारला आणि तिथे गुबगुबीत, खऱ्यासारखी हालचाल मुद्दाम टाकून दिली. सपाट रंग, मोजक्या रेघा. त्यांची 1950 ची 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' बघा, शब्दांऐवजी तोंडातून नुसते आवाज काढणाऱ्या मुलाची गोष्ट. तिलाही ऑस्कर आहे, आणि ती टीव्हीसाठी नव्हे, थिएटरसाठीच केलेली. त्याच्याही आधी 1942 मध्ये एक 'द डोव्हर बॉइज' नावाची फिल्म आली होती, पात्रं एका पोझमधून थेट दुसऱ्या पोझमध्ये झटक्यात जातात, मधली हालचाल म्हणजे नुसता रंगाचा फराटा. या वळणाची सुरुवात बरेच अभ्यासक तिथे शोधतात. दिग्दर्शक कोण? चक जोन्स. 'सचित्र रेडिओ' वाले तेच.

हे लिहिल्यावर सर बराच वेळ 'टाइप करत आहेत' असे दिसत राहिले, मग दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी अ‍ॅनिमेवर (जपानी कार्टून्सवर) एक लांबलचक, खरंच सुंदर लेख टाकला, जणू काही झालंच नव्हतं. त्यात ओसामू तेझुका यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चं, म्हणजे यंत्रमानव मुलाच्या मालिकेचं, तोंड भरून कौतुक. 1963 च्या जानेवारीत सुरू झालेली ती मालिका दर आठवड्याला निघायची ती कशी? एक चित्र तीन-तीन फ्रेम ताणून, स्थिर चित्रावरून कॅमेरा फिरवून, जुनी हालचाल पुन्हा वापरून. म्हणजे अस्वलाने केलं की जुगाड, आणि यंत्रमानवाने केलं की शैली!

मला राग कशाचा आला ते सांगते, कारण तुमच्या धास्तीचं मूळ तिथे आहे. हा वाद चालू असताना एका नव्या मुलीने लिहिलं होतं, "मला तर स्कूबीच आवडतं". आमचं घमासान बघून तिने ते काढून टाकलं. नंतर ती कधी बोलली नाही. योगीची बाजू मांडायला मी आहे, हॅना-बार्बेरा यांना माझ्या वकिलीची गरजही नाही. पण एका माणसाने आवडतं म्हणून काही सांगावं आणि दुसऱ्याने 'दर्जा' हा शब्द दारावर रखवालदारासारखा उभा करावा, यात कार्टूनचं प्रेम कुठे आहे? सरांना यातलं बरंच माझ्याआधीपासून माहीत होतं, याची मला खात्री आहे.

एवढं भांडून झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. टीव्हीवरचं सगळंच काही योगी नव्हतं. स्कूबी-डू 1969 ला आलं, चाललं, आणि मग त्याच साच्यातून वर्षानुवर्षं घाण्यासारखा माल निघाला. चार-पाच पोरं, एक बोलका प्राणी किंवा गाडी, एक रहस्य. 1976 च्या 'जॅबरजॉ'मध्ये तर कुत्र्याच्या जागी शार्क आणला, बाकी तेच. फ्लिंटस्टोन्समधले आणि सुरुवातीच्या स्कूबीमधले प्रेक्षकांचे नकली हशे मला आजही सहन होत नाहीत. आणि टॉम अँड जेरीत संगीतकार स्कॉट ब्रॅडली जे करतात, मांजराच्या प्रत्येक पावलाला वाद्य लावून, त्याच्या जवळपास जाणारं टीव्हीवर फारच थोडं आहे. सरांचं तेवढं खरं. पण 'सगळी टुकार'? नाही.

आता काय बघायचं ते. यादी देणार नव्हते, पण थोडक्यात: टॉम अँड जेरी तुम्ही पाहिलंच आहे, त्यातली पियानोवाली 'द कॅट कॉन्सेर्टो' पुन्हा एकदा नीट बघा. मग लगोलग योगीचा कुठलाही एक भाग. मग 'जेराल्ड'. मग 1996 चं 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी' किंवा 2001 चं 'सामुराई जॅक' काढा, दोन्ही गेंडी टार्टाकोव्स्की यांची. सपाट आकार, ठाशीव पोझ, स्थिर चित्राचा धीटपणा ही जुनी 'गरिबी' तिथे कशी दिमाखात मिरवते ते आपोआप दिसेल. याहून जास्त तयारी करून आलात तर गप्पा राहतील बाजूला, तोंडी परीक्षा सुरू होईल.

एक सावधगिरी. कुणीतरी जीन डाइच या दिग्दर्शकाच्या टॉम अँड जेरीवरून टवाळी सुरू करेल, 1961-62 मध्ये प्रागमध्ये झालेल्या त्या तेरा फिल्म. त्यांना नावं ठेवली की टाळ्या फुकट मिळतात. हालचाल अवघडलेली आहे, आवाज विहिरीतून आल्यासारखे आहेत, सगळं मान्य. पण तुटपुंज्या पैशात, मूळ मालिकेशी फारसा परिचय नसलेल्या चमूकडून ते काम करून घेतलेलं आहे, आणि त्याच डाइच यांच्या 'मन्रो' या फिल्मला ऑस्कर मिळालेलं आहे. फुकटच्या टाळ्यांना हात लावू नका.

डोरेमॉनचा जुना आवाज चांगला की नवा, यातही पडू नका. 2005 मध्ये जपानी मूळ आवाज बदलला, नोबुयो ओयामा यांच्या जागी वासाबी मिझुता आल्या, आणि लोक अजून भांडताहेत. ज्याने लहानपणी जो ऐकला तो त्याला खरा वाटतो, बस.

सुरुवात स्कूबीपासूनच करा, लाजायचं काही कारण नाही. भूत म्हणजे मुखवटा घातलेला कुणीतरी माणूस निघणार हे पहिल्या मिनिटापासून माहीत असताना आपण शेवटपर्यंत का बघत बसतो, एवढंच विचारा. पुढचा तासभर तुम्हाला कुणी बोलूच देणार नाही.