वर्गात प्रश्न टाकताना

नवीन वर्ग मिळालाय, तर एक सांगते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यापासून घोकंपट्टी नको म्हणतायत, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चिकित्सक विचारावर भर आहे. म्हणून पोरांना गोल बसवलं की झालं, असं समजू नकोस. गटात एक हुशार पोरगी बोलते, बाकीचे पेन्सिली कुरतडतात. (माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली.)

सगळा जीव प्रश्नात आहे. आठवीला मी विचारते, ‘उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, मग सोलापुरात नळाला रोज पाणी का नाही?’ कुणी म्हणतं, धरणात पाणीच नसतं. दुसरा लगेच, ‘मग ऊस कसा पिकतो?’ इथे तू गप्प बस. फक्त ‘हे तुला कसं कळलं?’ एवढंच विचार आणि मनात दहापर्यंत मोज. ती शांतता सुरुवातीला फार जड जाते. मग ज्याच्या घरी ऊस आहे तो एक बोलेल, टाकी भरणारी दुसरं. दोघांकडून पुरावा माग.

सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू बोलतात. गटात त्यांना तेलुगूतच भांडू दे, मांडताना मराठीत मांडतील.

आणि हो, आठवड्यातून एकच तास असा घे. पोर्शन मागे पडला की ओरडा तुलाच बसणार.