युद्ध युक्रेनमध्ये आणि तेल महाग चिपळुणात, असं का? कोकणात आपण यावर काय करू शकतो?

कारण देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. 2022 मध्ये युक्रेनचं सूर्यफूल अडकलं, त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. झालं, डबा भडकला. आपणही कमी नाही म्हणा, जुलै 2023 मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात आपणच थांबवली होती.

तेलाचं कोकणात बसून फारसं काही होणार नाही, उगाच आशा दाखवत नाही. पण ताटातल्या बाकीच्या गोष्टींचं होईल. आपल्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायच्या साठवणीची, सोय पूर्वापार आहे: सुकट, सुके बोंबील, आमसुलं, कुळीथ. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा हेच कामी येतं. मॉलमधून दर आठवड्याला आणणाऱ्याला ते जुनाट वाटेल, वाटू दे.

खरा धोका एकाच पिकावर विसंबण्यात आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या (नारळ-सुपारीच्या) वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षं जातात. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवरची नाचणी मात्र पावसाच्या पाण्यावर चार महिन्यांत घरात येते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या सुधारित जातीही आहेत. खाडीकाठी खारं पाणी शिरत असेल, तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं ‘पनवेल-3’ हे भाताचं वाण लावून बघा. आधी बांध मात्र दुरुस्त करा, तो फुटका असेल तर कुठलंच बियाणं तुम्हाला वाचवणार नाही.