कागदाचा दाणा जपा : रंगीत पेन्सिलींविषयी वाचकांचे प्रश्न

रंगीत पेन्सिलींनी रंग मिसळण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पिवळ्यावर निळी पेन्सिल फिरवली की हिरवा येतो, पण मळकट, शेवाळी. पेन्सिली हलक्या प्रतीच्या आहेत का? (सांगली)

दोष बहुधा पेन्सिलींचा नाही, जोडीचा आहे. पिवळ्याच्या दोन जाती असतात. एक लिंबाचा, किंचित हिरवट झाकेचा. दुसरा हळदीचा, केशरी झाकेचा. निळ्याचंही तसंच : फ्थॅलो ब्लू हिरव्याकडे झुकतो, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे. केशरी आणि जांभळट, दोन्ही झाकांत तांबडा दडलेला असतो, आणि तांबडा हिरव्याला मारतो. लिंबाचा पिवळा आणि फ्थॅलो घ्या, भाताच्या रोपांचा ताजा हिरवा मिळेल. तुमची आताची जोडीही फेकून देऊ नका. जून पानांना तोच शेवाळी रंग शोभतो.

क्रमही महत्त्वाचा. पिवळ्याचे दोन पातळ थर, त्यावर निळ्याचा एक अगदी हलका, मग पुन्हा पिवळा. निळा आधीच दाबून दिला तर वरून कितीही पिवळा दिला तरी तो वर येत नाही. शेवटचा पिवळा देताना टोकाला निळ्याचे कण चिकटतात. ते रद्दी कागदावर घासून काढा, नाहीतर पुढच्या कोऱ्या जागेत निळसर रेघ उमटेल.

प्रश्न : दोन-तीन थरांनंतर कागद चकाकतो, पेन्सिल घसरते आणि रंगच बसत नाही. (नाशिक)

पेन्सिलीच्या लेडमध्ये रंगद्रव्य, पांढरी माती, चिकटवणारा घटक आणि मेण किंवा तेल असतं. कागदाच्या बारीक दाण्यात, म्हणजे पृष्ठभागावरच्या उंचवट्या-खळग्यांत, हे कण अडकतात, तोच रंग आपल्याला दिसतो. पहिलाच थर जोर लावून दिला की दाणा चपटा होतो आणि उरलेल्या खळग्यांत मेण भरतं. मग नव्या रंगाला धरायला जागाच राहत नाही.

जोर का लागतो, तर पांढरे ठिपके दिसतात म्हणून. ते दिसतात कारण टोक बोथट असतं : बोथट टोक उंचवट्यांवरूनच फिरतं, खळग्यात उतरत नाही. म्हणून टोक सतत धारदार ठेवा, पेन्सिल मागच्या बाजूला धरा म्हणजे हाताचा भार पडत नाही, आणि एकमेकांवर येणारी लहान वर्तुळं काढत भरा. पुढच्या थराला दिशा बदला.

कागद तपासा. झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) गुळगुळीत कागद दोन-तीन थरांतच थकतो. १५० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, सरावाला चांगला. दहा-बारा थर द्यायचे तर ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे बारीक दाण्याचा, जलरंगाचा कागद घ्या, खर्च वसूल होतो.

भरलेल्या जागेतून रंग उचलायचा तर कमी चिकट टेप अलगद ठेवा, वरून पेनाच्या टोकाने हव्या तेवढ्याच भागावर घासा आणि टेप उचला. साध्या खोडरबराने घासू नका, मेण आणखी आत जातं. चपटा झालेला दाणा मात्र परत उभा राहत नाही.

प्रश्न : हापूस आंबा रंगवताना लाल आणि हिरवा भेटतात तिथे चिखल होतो. सावलीला काळा दिला तर ती जागा हिरवट दिसते. (रत्नागिरी)

दोन्हींचं मूळ पिवळ्यात आहे. लाल आणि हिरवा एकमेकांना विझवतात, म्हणून त्यांच्यामध्ये पिवळ्याचा पट्टा सोडायलाच हवा. आणि पिवळ्यात काळा मिसळला की तो शेवाळी होतोच.

आधी शिसपेन्सिलीची आकृती मऊ रबराने टिपून जेमतेम दिसेल इतकी फिकट करा. शिसं पिवळ्यात मिसळलं तर राखाडी होतं. चमकेची जागा कोरी सोडा. बाकी सगळ्या आंब्यावर लिंबाच्या पिवळ्याचे दोन थर द्या. आता रिकामी रिफिल घेऊन सालीवरचे बारीक ठिपके दाबून उमटवा. त्या खळग्यांत पुढचे रंग शिरत नाहीत, ठिपके पिवळेच राहतात. कोऱ्या कागदावर आधीच दाबले असते, तर ते पांढरे राहिले असते.

मग मध्यभागी हळदीचा पिवळा. लालीच्या जागी थेट लाल नको, आधी नारिंगी, आणि नारिंगीच्या निम्म्या भागातच लाल. हिरवा दुसऱ्या बाजूने याच पद्धतीने विरळ करत आणा. दोन्ही अगदी जवळ येत असतील तर मध्ये पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, द्या. सावलीसाठी जांभळ्याचा एकच पातळ थर, त्यावर पुन्हा हळदीचा पिवळा. सर्वांत गडद कडेला थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, पुरतो.

शेवटी घोटाई. रंगहीन ब्लेंडर (रंगद्रव्य नसलेली पेन्सिल) किंवा फिकट पिवळी पेन्सिल दाबून एकदाच फिरवा. पांढऱ्याने घोटलं तर आंबा दुधाळ दिसतो. घोटल्यावर नवा थर नीट बसत नाही, म्हणून सगळं जमलंय याची खात्री झाल्यावरच हे करा.

प्रश्न : टर्पेंटाइनने रंग मिसळतात हे खरं का? पाणी चालेल? (बेळगाव)

खरं आहे. टर्पेंटाइन मेण-तेल विरघळवतं आणि रंग खळग्यांत पसरतो. पण खाली किमान तीन थर हवेत, ब्रश टिपून जवळपास कोरडा हवा आणि कागद पूर्ण वाळल्यावरच पुढचा थर द्यावा. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस पेटलेला नको, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. पाणी फक्त वॉटरकलर पेन्सिलीला चालतं.

प्रश्न : काही आठवड्यांपूर्वीच्या चित्रात गडद भागांवर पांढुरकी झाक आली आहे. बुरशी आहे का? (सावंतवाडी)

झाक फक्त रंगाच्या जाड, गडद भागांवर सारखी पसरली असेल तर ते वर आलेलं मेण आहे. मेणाच्या पेन्सिलींत हे होतं, तेलाच्या पेन्सिलींत क्वचितच. मऊ कोरड्या मलमलीने हलक्या हाताने पुसा, मग साधारण ३० सेंटिमीटरवरून फिक्सेटिव्हचे, म्हणजे रंग पक्का धरून ठेवणाऱ्या स्प्रेचे, दोन-तीन पातळ फवारे द्या, प्रत्येक वाळू देऊन. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका.

डाग सुटे सुटे असतील आणि कोऱ्या कागदावरही दिसत असतील, तर मात्र ती बुरशी. कोकणच्या पावसाळ्यात ती बंद फाइलमध्येही धरते. ते चित्र लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा आणि सावलीत, पंख्याखाली पूर्ण सुकवा. त्यावर फिक्सेटिव्ह मारू नका, ओल आत कोंडली जाते.